शेवटची बहात्तर पानं

सोमवारी सकाळी अकरा वाजता एक गृहस्थ सार्वजनिक ग्रंथालयात कादंबरीची मुदत वाढवून घ्यायला गेले. ते भूमापन कार्यालयात नकाशे काढत आणि उरलेल्या वेळात पुस्तकं वाचत, म्हणून गल्लीत त्यांना वाचकराव म्हणत. दीपगृहावरून एक तरुणी नाहीशी होते आणि तिची धाकटी बहीण तिचा शोध घेते, अशी ती कादंबरी होती. सहाशे बारा पानांपैकी पाचशे चाळीस वाचून झाली होती आणि शोध ऐन रंगात आला होता.

"मुदतवाढ आता फक्त वाचकांनाच," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मग मी कोण?"

"ते अजून सिद्ध व्हायचंय."

वाचनसंस्कृती रुजावी म्हणून ग्रंथालयाने वाचन-पडताळणी सुरू केली होती. बाईंनी चारपानी अर्ज पुढे सरकवला आणि कादंबरी पडताळणी होईपर्यंत खणात ठेवून कुलूप लावलं. अर्जात 'पुस्तकामुळे आपल्यात झालेले मोजता येण्याजोगे बदल' असा रकाना होता. वाचकरावांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'थोरली बहीण सापडते का, याची हुरहूर लागली आहे.'

"हुरहूर किती?" बाईंनी विचारलं. "आकड्यात लिहा."

"पुष्कळ."

"पुष्कळ हा आकडा नाही."

शिवाय अर्जाला प्रत्यक्ष वाचताना पाहिलेल्या साक्षीदाराचा दाखला हवा होता. मंगळवारी वाचकरावांच्या बायकोने तो लिहून दिला: 'गेली एकवीस वर्षं मी यांना पुस्तक तोंडासमोर धरून बसलेलं पाहत आहे. आतून वाचत असतात की काम टाळत असतात, हे खात्रीने सांगता येणार नाही.'

"अगं, हे काय लिहिलंस!"

"खोटी सही करायची सवय नाही मला," बायको म्हणाली.

साक्ष संदिग्ध ठरल्यामुळे बुधवारी घरी निरीक्षक आले. कादंबरी कुलपात असल्याने त्यांनी सोबत ग्रंथालयाची नियमावली आणली होती. वाचकराव खुर्चीत बसून ती वाचू लागले. निरीक्षक समोर स्टुलावर बसून त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

"आत्ता काय वाटतंय?" दर पाच मिनिटांनी ते विचारत.

"कलम सात वाचतोय."

"ते झालं. पण आतून?"

आतून वाचकरावांना निरीक्षकांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटत होतं, पण तसा रकाना नव्हता. जाताना निरीक्षकांनी शेरा लिहिला, 'वाचताना ओठ हलत नाहीत. चेहऱ्यावर परिवर्तन नाही.' मग कोट चढवता चढवता हळूच म्हणाले, "साहेब, सरळ माणूस दिसता म्हणून सांगतो. खरं लिहीत बसलात तर जन्मभर हेलपाटे घालाल. परिवर्तन लिहा, परिवर्तन!"

गुरुवारी वाचकरावांनी रजा टाकली आणि परिवर्तन लिहायला बसले. आधी पेन अडखळलं, मग जे सुटलं ते थांबेना. 'पूर्वी मी पत्नीशी कठोर बोलत असे. बाराव्या प्रकरणानंतर माझी वाणी सदुसष्ट टक्के मृदू झाली. शेवटच्या पानावर तर मी नवा जन्म घेतला.' बायकोने खांद्यावरून डोकावून वाचलं.

"कठोर? तुम्ही? माझ्याशी? एकदा बोलून तर बघा. आणि शेवटचं पान कधी वाचलंत?"

"वाचायला मिळावं म्हणूनच लिहितोय ना," वाचकराव म्हणाले आणि सदुसष्टाचे एकोणसत्तर केले.

शुक्रवारी निकाल लागला. वाचकराव आदर्श वाचक ठरले. ते धावतच ग्रंथालयात गेले. कादंबरी दारातच दिसली, पण काचेच्या पेटीत. पेटीला लाखेचं सील होतं आणि खाली पाटी: 'जिने एका माणसाला नवा जन्म दिला ती प्रत.'

"बाई, माझी मुदतवाढ?"

"अहो, तुमचं वाचून झालंय. तुम्हीच लिहून दिलंय," बाई अभिमानाने म्हणाल्या. "आता तुम्ही पडताळणी समितीवर आहात. उद्यापासून इतरांचे अर्ज तपासायचे."

शनिवारी त्यांच्या टेबलासमोर पहिल्याच आल्या त्या कपडे शिवणाऱ्या एक बाई. बोटांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. अर्जाची घडी त्यांनी उलगडलीसुद्धा नाही.

"दोन महिने या कादंबरीसाठी नंबर लावून बसले होते, भाऊ. आता म्हणतात पेटीतली मिळायची नाही. माझी थोरली बहीणही अशीच घरातून गेलीय. नऊ वर्षं झाली. एवढंच सांगा, त्या पुस्तकातली सापडते का?"

'मला ठाऊक नाही' एवढे तीन शब्द पुरले असते. पण शेजारी समितीचे अध्यक्ष बसले होते.

"सापडते," वाचकराव म्हणाले. "एका बंदरावर. दोघी एकमेकींना आवाजावरून ओळखतात."

बाई डोळे पुसून उठल्या. वाचकरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रविवारी सत्कार झाला. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, "कादंबरी मी तीनदा वाचली. बंदरावरचा तो शेवट! आवाजावरून ओळखणं! अंगावर काटा येतो." पाठोपाठ एक समीक्षक उठले आणि बंदर हे प्रतीक कसं आहे, यावर वीस मिनिटं बोलले. ग्रंथपालबाईंना तर ते पान तोंडपाठ होतं. वाचकराव मानचिन्ह मांडीवर धरून एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. हा शेवट आपण काल दुपारी रचला, असं ओरडून सांगावं म्हणून ते अर्धवट उठलेही. लोकांना वाटलं, ते अभिवादन करताहेत. टाळ्या पडल्या. ते खाली बसले.

तेवढ्यात मागून शिवणकामवाल्या बाई उभ्या राहिल्या.

"आता तरी पेटी उघडता का? मला ते पान स्वतः वाचायचंय."

"अहो ताई," अध्यक्ष हसून म्हणाले, "शेवट तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. आता वाचायचं काय राहिलं?"

सभागृहात हशा पिकला. बाई एकट्याच दार लोटून निघून गेल्या. मग सूत्रसंचालकांनी आवाहन केलं, "ज्यांनी ज्यांनी ही कादंबरी वाचली आहे, त्यांनी हात वर करावा."

सगळ्यांनी केला. तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आडून, तुम्हीही.