जादूगाराचं लोकरी बनियन

माझ्या कादंबरीतल्या जादूत तुम्हाला एक भोक सापडलं तर नाव बदलेन! अहो, निश शहरातल्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवता शिकवता माझं टक्कल पडलंय. माझा जादूगार हवेतून आग काढतो, पण फुकट नाही. तेवढी उष्णता खोलीतल्या हवेतून जाते, हवा गारठून आकसते आणि बाहेरचा वारा आत घुसतो. ऊर्जेचा हिशेब चोख!

बाकी सगळ्या प्रकाशकांनी हात झटकले होते. उरल्या होत्या बेलग्रेडच्या देसांकाबाई. त्या रविवारी जेवायला आल्या, आणि माझी सगळी भिस्त त्या जेवणावर.

"वारा आत का घुसतो, ते नाही कळलं," भरली मिरची खाता खाता बाई म्हणाल्या.

"दाखवतोच!" मी उठलो आणि समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

सासूबाई स्वयंपाकघरातून किंचाळतच आल्या. "आरपार वारा! जावईबापू, पाहुणीचा जीव घेताय का?"

आमच्याकडे सगळ्यांची ठाम समजूत, की समोरासमोरच्या खिडक्यांतला वारा लागला की माणूस आखडतो, प्रसंगी मरतोसुद्धा. आणि बाहेर तर उन्हानं डांबर वितळत होतं! पण देसांकाबाईंचा चेहरा पांढराफटक. "लागला! इथे, कानामागे!"

"बाई, विज्ञान असं सांगतं की—"

"विज्ञान घाला चुलीत!" सासूबाई गरजल्या.

आणि गेलंच की हो! वाऱ्यानं टेबलावरची माझी दोन प्रकरणं उचलली ती थेट खाली अंगणात, शेजाऱ्याच्या मिरच्या भाजायच्या चुलीत. ऊर्जा नष्ट होत नाही, हे खरंच. मिरच्या छान भाजल्या.

सासूबाईंनी राकियात, म्हणजे घरी गाळलेल्या फळांच्या दारूत, फडकं बुडवून बाईंच्या मानेला गुंडाळलं. उरलेली राकिया दोघींनी पोटात घेतली.

"तुमच्या जादूगाराला एवढा वारा लागतो," बाई म्हणाल्या, "आणि पुढच्या पानावर तो ठणठणीत? कोण विश्वास ठेवेल?"

"दुसऱ्या मंत्राला कंबर आखडायला हवी मेल्याची!" सासूबाई म्हणाल्या. "आत लोकरी बनियन तरी घालतो का?"

"नाही," मी पुटपुटलो.

"मग हे भोक नाही तर काय?"

बाईंनी कादंबरी घेतली! अट एकच: प्रत्येक मंत्रानंतर जादूगाराचं काहीतरी आखडेल, आणि नेमकं काय, ते सासूबाई ठरवतील. पहिल्या पानावर 'शास्त्रीय सल्लागार' म्हणून त्यांचंच नाव छापणार आहेत.

जळलेली प्रकरणं मी पुन्हा लिहितोय. खिडक्या घट्ट लावून. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हो, पण त्या रविवारपासून मला डावीकडे वळून बघता येत नाहीये!