भाऊ रेडकरांचं पासिंग

आमच्या दुबईतल्या, करामाच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या समोर, बसची एक सीट आहे. जोडसीट. निळं रेक्झिन आणि पाठीवर कुणीतरी टोकदार वस्तूनं कोरलेलं मल्याळम नाव. नवा पाहुणा आधी सोफ्याकडे बघतो, मग सीटकडे, आणि हमखास सीटवर जाऊन बसतो. शक्यतो खिडकीच्या बाजूला, म्हणजे जिथे खिडकी नाही तिथे. मग विचारतो, ही कुठून आणली? आणलेली नाही, ठेवायला दिलेली आहे, असं आम्ही सांगतो. त्यानंतर भाऊ रेडकरांबद्दल सांगावंच लागतं आणि चहा निवतो.

भाऊ मूळचे वेंगुर्ल्याचे. जबल अलीच्या एका गोदामात मेंटेनन्स सुपरवायझर. लग्न राहून गेलं. अर्धं आयुष्य देऱ्यात बेडस्पेसमध्ये काढलं, म्हणजे एका खोलीत सात-आठ जण आणि आपल्या मालकीचा फक्त पलंगाचा वरचा मजला. मग कंपनीनं कामगारांची ने-आण करणारी एक जुनी छोटी बस विकायला काढली. ती भाऊंनी घेतली. सिटा काढल्या, मागे भिंतीला दुमडणारा पलंग ठोकला, शेगडी बसवली, ड्रायव्हरच्या डोक्यावर गणपती बसवला आणि देऱ्याला रामराम ठोकून बसमध्ये राहायला गेले. "महिन्याला बाराशे दिऱ्हाम, म्हणजे आपले सत्तावीस-अठ्ठावीस हजार, कशाचे द्यायचे? दुसऱ्याचं घोरणं ऐकायचे?" असा त्यांचा सवाल होता.

आठवडाभर बस गोदामाच्या मागे उभी असायची, वॉचमनच्या केबिनमधून ओढलेल्या वायरवर एसी चालायचा. सुट्टीत ती कधी फुजैराच्या समुद्रावर, कधी हत्ताच्या डोंगरात. फोनवर कुठे आहात विचारलं की भाऊ "घरी" म्हणायचे. कुठल्या गावात, ते वेगळं विचारावं लागायचं.

अडचण एकच होती. भाऊंच्या दृष्टीनं ते घर असलं तरी मुल्कियावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कार्डावर, ती बस होती. इथे दरवर्षी गाडीची तपासणी होते, तिला सगळे भारतीय पासिंग म्हणतात, आणि बसच्या पासिंगला बसमध्ये सिटा हव्यात. त्यामुळे काढलेल्या सिटा टाकून देता येत नव्हत्या आणि बसमध्ये ठेवल्या तर भाऊंना पाय पसरता येत नव्हते. तेव्हा त्यांनी त्या ओळखीच्या मराठी घरांत वाटल्या.

वाटल्या म्हणजे उगाच कुणालाही दिल्या नाहीत. मुलीला स्थळ बघावं तसे ते घरं बघत होते. आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी ऊन कुठून येतं ते बघितलं, लहान मूल आहे का विचारलं, हॉलमध्ये दोनदा फेरी मारली आणि मग माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, "चालेल" म्हणाले. मला कुणी विचारलंच नाही. मी नीटनेटकी बाई आहे, हॉलमध्ये बसची सीट ही माझी आवड नव्हे. पण आमच्या रेवानं तोवर सीटवर बसून पट्टा लावला होता आणि "मम्मा, धिस इज माय सीट" असं जाहीर केलं होतं. खलास.

भाऊंना सगळं जग पासिंग आणि लायसन्समध्येच दिसायचं. कुणाचं लग्न ठरलं की ते म्हणायचे, ट्रान्सफर झाली. बाळ झालं की नवीन रजिस्ट्रेशन. मिलिंदचं कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हा भाऊंनी रिपोर्ट हातात घेऊन, डोळे बारीक करून वाचला आणि फिटनेस ओके, फक्त ऑइल बदला, असा निर्णय दिला. रेवाची दहावीची परीक्षा ही त्यांच्या मते सिग्नल टेस्ट होती, खरी रोड टेस्ट पुढेच. त्यांना स्वतःला इथलं लायसन्स सहाव्या खेपेला मिळालं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पहिल्या खेपेला पास होणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता. माझा भाऊ पहिल्याच खेपेला पास झाला, तर ते त्याच्या गाडीत कधी बसले नाहीत.

दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या संध्याकाळी बेल वाजायची. दारात भाऊ, हातात फडकं आणि पॉलिशची डबी. "सीट बघायला आलो." मग ते खरोखर सीट बघायचे. वाकून खालचे बोल्ट बघायचे, रेक्झिन दाबून बघायचे, एसीचा झोत थेट लागत नाही ना याची खात्री करायचे. मग त्यावर बसून बघायचे. बसल्यावर स्प्रिंग कळायला वेळ लागतो असं त्यांचं म्हणणं होतं, आणि तेवढ्या वेळात आमची जेवायची वेळ व्हायची. सोलकढी असली तर स्प्रिंग कळायला आणखी वेळ लागे. जोशांकडे एकदा सीटवर कांद्या-बटाट्याच्या पिशव्या ठेवलेल्या त्यांनी बघितल्या, तर महिनाभर जोशांशी बोलले नाहीत. शेवटी जोशीबाईंनी सीट पुसून, वर चादर घालून, घावने करून त्यांना बोलावलं, तेव्हा समेट झाला.

पासिंगच्या दिवशी सकाळीच ते बस घेऊन यायचे, बरोबर गोदामातले दोघं कामगार आणि ट्रॉली. घरोघरच्या सिटा गोळा व्हायच्या. संध्याकाळी सीट परत यायची, सोबत पेढे. "पास झालो," असं भाऊ सांगायचे, आणि आम्ही त्यांचं अभिनंदन करायचो. पुढे पुढे सीट जाताना असायची त्यापेक्षा येताना स्वच्छ असायची, शॅम्पूचा वास यायचा. पासिंगवाले फार टापटिपीचे झाले असावेत असं मला वाटलं आणि मला ते पटलंही.

अशी वर्षं गेली आणि भाऊंची निवृत्ती आली.

इथे निवृत्ती म्हणजे नुसता हार-नारळ नसतो. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की गाडी नावावर राहत नाही, लायसन्सही उपयोगाचं उरत नाही. बस गावी नेणं शक्य नव्हतं. स्टिअरिंग डावीकडे, गाडी म्हातारी, तिकडे कुणी नोंदवून घेणार नाही, हे भाऊंचं चार ठिकाणी विचारून झालं होतं. मी म्हटलं, भाऊ, बस द्या विकून, वेंगुर्ल्याला भावाचं घर आहे, मजेत राहा. तर म्हणाले, "वहिनी, तिथे मी गेलो की नवीन टॉवेल काढून देतात." एवढंच म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच मार्ग काढला. रास अल खैमाला एका अरबाच्या शेतावर पंप आणि जनरेटर सांभाळायचं काम मिळालं, त्यावर व्हिसाही होता आणि बस उभी करायला खजुरांची सावली होती. फक्त व्हिसा त्या अमिरातीचा म्हणून बसची नोंदणीही तिकडे हलवायची, आणि त्याआधी इकडे पासिंग करून घ्यायचं. हातात एक शनिवार होता. सोमवारी कंपनी व्हिसा रद्द करणार होती. त्या शनिवारी बस नापास झाली असती तर ती भंगारात आणि भाऊ विमानात, इतका सरळ मामला होता.

म्हणून मिलिंदनं ठरवलं की या खेपेला आपण दोघांनी बरोबर जायचं. भाऊ नको नको म्हणाले. उन्हातान्हात कशाला, वहिनींना सुट्टी एकच, माझी माणसं आहेत. मिलिंद ऐकणाऱ्यातला नाही. त्यानं घरोघर फोन करून सिटा खाली आणवल्या, पाना घेऊन स्वतः बसमध्ये शिरला, पलंग दुमडून भिंतीला बांधला आणि एकेक सीट बोल्ट आवळून बसवली. भाऊ बाजूला वॉशर हातात घेऊन उभे होते. एरवी बोल्ट कुणी आवळला की तो पुन्हा आवळणारा माणूस, त्या दिवशी एका शब्दानं बोलला नाही. व्हिसाचं टेन्शन, असं मी धरून चालले.

तपासणीच्या आवारात आमचा नंबर लागला. तपासनीस मल्याळी होता, भाऊंना ओळखत होता. हसत हसत बसमध्ये चढला आणि दारातच थांबला.

"अंकल, ये सीट क्यों लगाया? आपका मुल्किया में तो कारवाँ है. तीन-चार साल से सीट के बिनाही पास करता है ना?"

मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. मी भाऊंकडे बघितलं. भाऊ मागच्या टायरकडे बघत होते. "हवा कमी वाटते," म्हणाले.

तपासनीस भला होता. सीट निकालो, बेड नीचे करो, बंद होने से पहले लाओ, असं सांगून तो पुढच्या गाडीकडे गेला. आम्ही बस बाजूला घेतली आणि मिलिंदनं सकाळी आवळलेला एकेक बोल्ट दुपारच्या उन्हात सोडवायला घेतला. भाऊही खाली बसून बोल्ट सोडवत होते.

विचारण्यासारखं होतंच काय? कारवाँची, म्हणजे राहत्या घराची, परवानगी भाऊंनी कधीच रीतसर काढली होती. सिटांची कुणाला गरज नव्हती. तरी दरवर्षी सकाळी ते त्या न्यायचे, कुठेतरी गोदामामागे शॅम्पूनं धुवायचे आणि संध्याकाळी पेढे घेऊन परत द्यायचे. आम्हाला वाटायचं आपण त्यांची सीट सांभाळतोय. जेवायला या असं आम्ही म्हणत होतो, नाही असं नाही, पण म्हणणं आणि बेल वाजवणं यांत अंतर असतं. ते अंतर त्यांनी दर खेपेला सीटच्या आधारानं कापलं होतं. आणि त्या सकाळी, एका वाक्यात सगळं सांगून मोकळं होण्याऐवजी, त्यांनी आपली बस पणाला लावली होती. मला त्यांचा रागच आला आधी. मग फार वाईट वाटलं.

बस पास झाली. भाऊंनी कागद खिशात घातला, पण पास झालो असं म्हणाले नाहीत. सिटा बाहेर डांबरी रस्त्याच्या कडेला ओळीनं ठेवल्या होत्या. मिलिंदनं एक पिकअप थांबवला होता. पंजाबी ड्रायव्हरनं सिटा चढवल्या आणि कहाँ जाना है, असं विचारलं.

"शारजा," भाऊ म्हणाले. "कबाडी के पास."

"करामा," मी ड्रायव्हरला म्हटलं.

भाऊंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मिलिंद काहीतरी बोलायला गेला, तेव्हा मी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली.

"रास अल खैमाचं पासिंग तुम्ही अजून बघितलं नाहीये, भाऊ," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी त्यांनी सिटा मागितल्या तर ऐनवेळी कुठून आणणार?"

भाऊंनी रुमालानं चेहरा पुसला, अगदी सावकाश, कानामागेही.

"मागतील," ते म्हणाले. "तिकडचे लोक फार कडक आहेत म्हणे. वर्षभर थांबून नाही चालायचं, मधे मधे बघून जावं लागेल."

"यावंच लागेल," मी म्हटलं, आणि बस तासाभरासाठी तिथेच ठेवून त्यांना पिकअपमध्ये पुढच्या बाजूला बसवलं.