कुमारी त्रिलोकेकरांची केस

ठाकूरद्वारच्या एका चाळीत राहणाऱ्या उर्मिला त्रिलोकेकर हिचे केस कुरळे होते आणि ती ते फक्त रविवारी धूत असे. यात शासनाने लक्ष घालावे असे वरवर पाहता काही नव्हते. चाळीच्या नळाला पाणी पहाटे येई, आणि तेही उपकार केल्यासारखे. कमरेपर्यंतचे केस शिकेकाई लावून धुवायचे तर दोन घरांचे पाणी लागे. म्हणून रविवारी शेजाऱ्यांशी गोड बोलून ती नाहून घेई आणि पुढचा आठवडा त्या एका न्हाण्यावर काढी.

आठवडा काढण्याचे शास्त्र तिला शकूआत्याने शिकवले होते. आत्याचे केसही कुरळे होते, आणि लहानपणी आई गेलेल्या उर्मिलाला तिनेच वाढवले होते. "कुरळ्या केसांना कंगवा दाखवू नकोस गं," आत्या सांगे. "पोलीस दिसला की जमाव बिथरतो ना, तसे ते बिथरतात." निजताना केस टाळूवर सैलसर बांधायचे, उशीवर आत्याच्या जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडा घालायचा. सकाळी तळहात ओले करून केस मुठीत धरायचे आणि खालून वर हलकेच दाबायचे, म्हणजे झोपलेल्या बटा जाग्या होतात. वर खोबरेलाचा एखादा थेंब. फारच बंड असेल तर अळशी उकळून गाळलेले चिकट पाणी.

एवढे केले की सोमवार-मंगळवार केस द्राक्षांच्या घोसासारखे दिसत. बुधवारी चौपाटीवरचा खारा वारा आपले म्हणणे मांडू लागे. गुरुवारी मात्र शास्त्र संपे.

अशाच एका गुरुवारी उर्मिला कचेरीत पोचली. द्वैभाषिक राज्याचे दिवस होते. फोर्टातल्या संकीर्ण परवाने खात्यात ती टायपिस्ट होती, अजून कायम व्हायची होती. आदल्या संध्याकाळी फाउंटनवर संयुक्त महाराष्ट्राचा मोठा मोर्चा झाला होता, आणि सरकारी नोकराने मोर्च्यात जायचे नाही असा सक्त हुकूम होता. हेडक्लार्क रमाकांत गुप्ते दारातच उभे होते. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर वादग्रस्त असे काहीही उरलेले नव्हते.

"मिस त्रिलोकेकर, काल मोर्च्याला गेला होतात?"

"नाही. काल कचेरी सुटेपर्यंत मी तुमच्यासमोर बसले होते."

"मग केस असे का?"

"गुरुवार आहे म्हणून."

"गुरुवार सगळ्यांनाच असतो," गुप्ते म्हणाले आणि टिपण लिहायला बसले.

शेजारच्या टेबलावरच्या ललिता दिघेने टायपरायटरमागे तोंड लपवून हसू दाबले. दादरची ही मुलगी एकूणएक मोर्च्यांना जात असे. कालही ती गेली होती, घोषणा देऊन तिचा घसा बसला होता. पण तिचे केस सरळ होते, वेणी घट्ट होती आणि एक बट इकडची तिकडे झाली नव्हती. तिला कोणी काही विचारले नाही.

"मी सांगू का त्यांना?" दुपारी डबा खाताना ललिता कुजबुजली.

"वेडी आहेस? तुझी नोकरी जाईल. माझे केसच आहेत, पटवून देईन मी."

पटवून देणे सोपे ठरले नाही. केस नैसर्गिकरीत्या विस्कटले की चळवळीमुळे, हे ठरवायला खात्याने डॉक्टरचा दाखला मागितला. डॉक्टरने लिहून दिले की केस जन्मापासूनच असे आहेत. गुप्त्यांनी त्यावर शेरा मारला, "म्हणजे प्रवृत्ती जन्मजात आहे," आणि फाइल साहेबांकडे गेली. खात्यात प्रत्येक फाइलीला केस म्हणत, आणि ही तर केसांचीच. फाइलीच्या पुठ्ठ्यावर नेमके काय लिहायचे यावरून दोन कारकुनांत अबोला झाला.

उर्मिलाने ठरवले, गुरुवारीसुद्धा सोमवार दिसला पाहिजे. ती डब्यातून अळशीचे पाणी नेऊ लागली. दुपारच्या सुट्टीत पाणी पिण्याच्या नळाशी उभी राहून तळहात ओले करी आणि बटा एकेक करून जाग्या करी. केस पुन्हा झुलू लागले. परवान्यासाठी ताटकळलेली माणसेदेखील क्षणभर परवाना विसरून पाहत राहिली.

गुप्ते आता खरोखर अस्वस्थ झाले. "केस आज ताजे कसे?"

"पाणी लावलं."

"म्हणजे धुतले. आठवड्याच्या मध्येच का धुवावे लागले? अश्रुधुराचा वास घालवायला?"

"त्या मोर्च्यावर अश्रुधूर सोडलाच नव्हता, सर."

"सोडला असता तर?"

उर्मिला आपल्या टायपरायटरकडे वळली. नंतर कळले की उत्तर न देण्याचीसुद्धा नोंद होते. विस्कटलेले केस हा मोर्च्याचा पुरावा होता, आणि नीट केस हा पुरावा नष्ट केल्याचा.

साहेब समंजस गृहस्थ होते. त्यांनी उर्मिलाला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. "हे पाहा, सरकारचं धोरण एकात्म आहे. मधोमध भांग, दोन्ही बाजूंना समान न्याय, तेल लावून सगळं एकत्र. तुमची मात्र एकेक बट आपला वेगळा प्रांत मागते. कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

व्हायचे होते. दुसऱ्या दिवशी ती अर्धी बाटली खोबरेल थापून आणि वेणी करकचून कचेरीत आली. कपाळ ताणले जाऊन तिला डोळे मिटता येईनात. दुपारपर्यंत तेल मानेवरून टाइप केलेल्या कागदांवर ओघळले. कागदांच्या आरपार दिसू लागले, आणि खात्याचा कारभार प्रथमच पारदर्शक झाला. हा प्रकार लगेच थांबवण्यात आला. तेलावर बंदी आली.

आता एकच उपाय उरला. त्या संध्याकाळी उर्मिलाने आत्यापुढे कात्री ठेवली.

"कोणासाठी गं?" आत्याने विचारले.

"नोकरीसाठी."

"नोकरी डोक्याला दिलीय की केसांना?" आत्या पुटपुटली. पण तिने केस कापले. बटा मांडीवर पडत गेल्या तशा तिने त्या रेशमी तुकड्यात बांधून ठेवल्या, आणि दोघी न जेवता झोपल्या.

कुरळे केस ओझे कमी झाले की आखडून वर उसळतात, हे दोघींच्याही लक्षात राहिले नव्हते. सकाळी उर्मिलाच्या डोक्याभोवती चहूकडे केस उभे होते. गुप्त्यांनी तिला पाहिले आणि मोठ्या शांतपणे लिहिले, "आता उघड उठाव."

कायम करण्याचा प्रश्न बाजूला पडला. बडतर्फ करावे तर आरोप सिद्ध होत नव्हता आणि सोडून द्यावे तर फाइल जाड झाली होती. केस वाढत गेले, फाइलही वाढत गेली. ललिता मोर्च्यांना जात राहिली, आणि गुप्ते इतर मुलींना तिच्या वेणीचा आदर्श घालून देत राहिले.

मग महाराष्ट्र राज्य झाले. कचेरीवरची पाटी बदलली, आणि वरून विचारणा आली की आपल्या खात्यातून या लढ्यात कोण कोण होते. साहेबांना घाम फुटला. एकही लढवय्या नसलेले खाते नव्या राज्यात तोंड कसे दाखवणार? तेव्हा गुप्त्यांनी कपाट उघडले आणि जाडजूड फाइल दोन्ही हातांनी काढून टेबलावर ठेवली.

"मी सांभाळलं हो तिला," ते सद्गदित होऊन म्हणाले. "इतकी वर्षं. कुणाला कळू दिलं नाही."

उर्मिलाला त्याच आठवड्यात कायम केले आणि परळच्या एका हॉलमध्ये तिचा सत्कार ठरला. ती धावत साहेबांकडे गेली.

"सर, मी एकाही मोर्च्याला गेले नाही. ललिता गेली होती. सगळ्या मोर्च्यांना."

साहेबांनी ललिताला बोलावले. "काही पुरावा?"

"पुरावा सापडू नये म्हणूनच तर जपत होते, सर," ललिता म्हणाली.

"तुमची फाइल आहे?"

"नाही."

"मग कसं?" साहेबांनी हळहळून विचारले, आणि सत्काराच्या चहापाण्याचे काम तिच्याकडे सोपवले.

सत्काराला हॉल भरला होता. शकूआत्या पहिल्या रांगेत बसली होती. गुप्त्यांनी फाइलीतले उतारे वाचले. "विस्कटलेले" हा शब्द आला की टाळ्या पडत. उर्मिलाने आणखी एकदा खरे सांगून पाहिले, तर लोक तिच्या विनयावर खूश झाले. मग खांद्यावर शाल आली. शाल उबदार होती, नोकरी पक्की होती, आणि ती गप्प बसली.

शेवटी साहेब रंगात येऊन म्हणाले, "मोर्च्याला गेलेल्यांनी हात वर करा!" भराभर हात वर झाले. गुप्त्यांचे तर दोन्ही. साहेबांचा. इकडेतिकडे पाहून उर्मिलाचाही गेला. मागे कपबशा मांडणाऱ्या ललिताचा हात तेवढा अर्ध्यातच थांबला. लाठी बसल्यापासून तिचा उजवा खांदा पुरता उचलत नसे.

एवढी माणसे फाउंटनच्या त्या चौकात मावली कशी, हे कोडे मात्र अजून सुटलेले नाही. घरी एकदा विचारून पाहा. तुमचे आजोबाही अगदी पुढच्याच रांगेत होते ना?