डाव्या काठाची भिंत

नवरा-बायको एकाच नगररचना कार्यालयात, समोरासमोरच्या टेबलांवर. इथपर्यंत ठीक होतं. पण साहेबांनी नदीकाठच्या बागेचं काम दोघांत वाटलं, डावा काठ नवऱ्याला, उजवा बायकोला, आणि वर म्हणाले, "यंदा एकच काठ होणार. शुक्रवारी मॉडेल बघून ठरवू." तेव्हापासून नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं.

बायकोला हे काम शिकवलं त्यानेच. आणि आता साहेब उठता-बसता "बाईंचं बघा, बाईंना विचारा" करायचे. मॉडेल दोघांचं मिळून एकच होतं, मधे पत्र्याची नदी. बायकोच्या काठावर होतं तरी काय? खोलगट हिरवं मैदान, मागे घरं आणि कडेला चार झाडं.

"बाकीचं कधी करणार?" त्याने विचारलं.

"झालं की."

"एवढंच? कारंजं नको?"

"अहो, पुराच्या पाण्याला जागा सोडलीय ती. राहू दे मोकळी."

काही न करता हिला शाबासकी मिळणार, हे त्याला बघवेना. त्याने आपल्या काठावर कारंजं बसवलं. मग कॅफे. मग होड्यांचा धक्का. झाडं कमी पडली तेव्हा ती जेवायला गेलेली बघून तिच्या चारातली दोन उचलली. एवढा पसारा मावेना, म्हणून काठ हळूच नदीत पुढे सरकवला आणि कडेने पुठ्ठ्याची उंच भिंत चिकटवली. नदी बिचारी अंग चोरून बसली.

शुक्रवारी साहेब खुर्ची पुढे ओढून उजवा काठ न्याहाळत म्हणाले, "वा! डोळ्यांना कसं गार वाटतं."

झालं. नवऱ्याचं टाळकं फिरलं. "साहेब, खरी नदी दाखवतो!" म्हणत त्याने पाण्याचा जग उचलला आणि पत्र्याच्या नदीत भडाभडा ओतला.

एवढंसं पात्र, त्यात ते मावणार कुठे? पाणी भिंतीवर आपटून उजव्या काठावर चढलं. "बुडाला!" नवरा आनंदाने ओरडलाच. पण पाणी त्या खोलगट मैदानात पसरलं आणि शहाण्यासारखं बसून राहिलं. मागची घरं कोरडी. इकडे मात्र पुठ्ठा भिजला, फुगला आणि भिंत कारंज्यावर आडवी झाली. कॅफे तरंगत कडेला गेला आणि साहेबांच्या मांडीवर उतरला.

आता आपली बदली नक्की, असं मनाशी म्हणत नवरा जग छातीशी धरून उभा राहिला.

"साहेब, आम्ही ठरवूनच केलं हे," बायको शांतपणे म्हणाली. "नदीची जागा खाल्ली तर काय होतं, ते यांनी दाखवलं. सोडली तर काय होतं, ते मी."

साहेबांनी ओला कॅफे उचलून टेबलावर ठेवला. "उजवा काठ मंजूर. पण हे सगळ्या वस्त्यांत जाऊन दाखवा. बाई, तुम्ही बोला. आणि तुम्ही," ते नवऱ्याकडे वळले, "तुम्ही बुडवा."

पहिल्या सभेसाठी नवऱ्याने रडवेल्या चेहऱ्याने नवी भिंत चिकटवली. सभेत बायको पोटतिडकीने बोलली. लोकांनी जांभया दिल्या. मग त्याने जग ओतला. भिंत कोसळली आणि टाळ्या, शिट्ट्यांनी सभागृह दणाणलं. एक आजोबा तर उभे राहून "पुन्हा एकदा!" म्हणाले.

परतताना बायकोची नजर जगावरच होती.

"काय झालं गं?"

"काही नाही." मग ती म्हणाली, "उद्या तुम्ही बोला. जग माझ्याकडे द्या."

"छे! तुला जमायचं नाही," रिकामा जग मांडीवर घट्ट धरत तो म्हणाला. "त्याला हात बसलेला लागतो."