सुवेचाने पाळलेला साक्षीदार

सुवेचाने घरात पाल आणायचं ठरवलं ते बदकांपायी. सासुरवाडीच्या देवळाच्या उत्सवासाठी स्कूटरला बांधलेली बदकं ओढ्यावरच्या पुलाशी सुटली आणि भातखाचरांत पसार झाली. चिखलाने माखलेला सुवेचा रिकाम्या हातांनी पोचला, तेव्हा त्याची बायको सुकेर्ती शांतपणे म्हणाली, "यंदा बदकं का? गेल्या खेपेला डुक्कर पळालं होतं."

(डुक्कर पळालं नव्हतं. ते आणायला सुवेचा विसरला होता. पण बदकं खरोखर पळाली होती हो, आणि तेच त्याच्या जिव्हारी लागलं.)

आता गावात सगळे मानतात, की माणसाच्या बोलण्यावर लगेच पाल बोलली तर ते बोलणं खरं. ऐकणारे लाकडावर बोट वाजवतात, 'सरस्वती' म्हणतात आणि विषय मिटतो. सुकेर्तीचा तर पालीवर नवऱ्यापेक्षा जास्त विश्वास. पण भिंतीवरच्या बारक्या पाली सुवेचाच्या बाजूने जन्मात कधी चुकचुकल्या नव्हत्या. तेव्हा आपली स्वतःची पाल हवी, तीही दणदणीत आवाजाची, म्हणजे 'टो-के, टो-के' असं स्वतःचंच नाव ओरडणारी मोठी रानपाल, टोकेच हवा, असं त्याने पक्कं केलं.

शेजारच्या रेंतेपच्या भाताच्या कोठारात एक होता. वीतभर लांब, निळसर अंगावर तांबडे ठिपके. बांबूला फास लावून पकड, हात लावू नकोस, असं रेंतेपने बजावलं. सुवेचाने फास लावला आणि हातही लावला. टोकेने धरलेलं बोट बादलीत बुडवेपर्यंत सोडलं नाही. बायको घरी नसताना सुवेचाने त्याला स्वयंपाकघराच्या वाशांत सोडून दिला, कारण आपणच आणलेल्या साक्षीदाराला कोण मानणार? बोट दारात चेमटलं असं त्याने सांगितलं, आणि एवढं मात्र सुकेर्तीला लगेच पटलं.

मग सुवेचा रोज दिवेलागणीला वाशांखाली बसून बदकांची हकिगत सांगू लागला. टोके नाकतोडे खायचा आणि गप्प राहायचा. तोंड उघडलं ते सासूबाई राहायला आल्यावर. त्या भात चिवडत म्हणाल्या, "जावई मनाने चांगला आहे, पण गबाळा आहे."

"टो-के," वरून आवाज आला. मायलेकींनी पाटावर बोटं वाजवली.

पुढे भात गिचका झाल्याचंही टोकेला पटलं, जावई घोरतो हेही पटलं. सुवेचाच्या बदकांवर मात्र चकार शब्द नाही. शेवटी एका संध्याकाळी सासूबाईंनी पुन्हा डुकराचा विषय काढला, सुकेर्ती हसली आणि सुवेचाचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "तुझ्याशी लग्न केलं तिथेच माझं चुकलं."

"टो-के. टो-के. टो-के."

आणि सवयीने सगळ्यांत आधी पाटावर बोट वाजलं ते सुवेचाचं.

सुकेर्तीचं हसू जागच्या जागी विरलं. सासूबाई उठून पिशवी भरू लागल्या. सुवेचाला धरणी दुभंगावी असं झालं. अख्ख्या गावात जेवण त्याला आवडेल असं, मिरची कमी घालून रांधणारी ही एकच बाई, आणि तिला आपण हे बोललो. ते रागाच्या भरात निघालं, ते साफ खोटं होतं, असं तो पुनःपुन्हा सांगत राहिला. प्रत्येक वेळी सुकेर्ती आशेने वर बघायची. वाशांत सगळं चिडीचूप.

अखेर त्याने फासाचा बांबू उचलला.

"हात लावू नका त्याला," सुकेर्ती डोळे पुसत म्हणाली. "या घरात खरं बोलणारं पहिल्यांदाच कुणी आपणहून आलंय."

"अगं, आपणहून कसला? मीच आणलाय त्याला. रेंतेपच्या कोठारातून. हे बोट त्यानेच चावलंय."

सुकेर्तीने वर पाहिलं. बराच वेळ वाट पाहिली. मग त्याच्या हातातला बांबू काढून घेत म्हणाली, "बघा. काही बोलला नाही."