पाळण्याची उलटी खेप

माणसाची उंची त्याच्या हाडांत नसते. ती त्याला ओलांडून जाणाऱ्याच्या पायांत असते. आडव्या पडलेल्या मुलाला कुणी ओलांडून गेलं की त्याची वाढ जागच्या जागी खुंटते, आणि ओलांडणारा आला तसाच उलट ओलांडून माघारी गेला की ती पुन्हा सुरू होते. (मधल्या वेळात ती कुठे थांबलेली असते, याचा खुलासा अद्याप झालेला नाही.) हा नियम इतका साधा आणि बिनखर्ची आहे की सरकारला त्यासाठी खातं काढावं लागलं नाही. घरोघरच्या आज्यांनीच तो राबवला.

वडगिरीच्या बनुबाईंनी हा नियम जन्मभर काटेकोर पाळला. अपवाद एकच. साल एकोणीसशे सत्तावन्न, इयत्ता तिसरी. दुपारच्या सुट्टीत लक्ष्मी नावाची त्यांची मैत्रीण शाळेच्या पडवीत दप्तराची उशी करून झोपली होती. बनू तिला एका टांगेत ओलांडून आवळे पाडायला गेली. परत येऊन उलट ओलांडायचं तिच्या मनात पक्कं होतं, पण तेवढ्यात घंटा झाली आणि लक्ष्मी उठून बसली. बसलेल्या माणसाला ओलांडता येत नाही. पुढे बनू पाच फूट सहा इंच झाली आणि लक्ष्मी चार फूट सातवर थांबली ती थांबलीच. मधले अकरा इंच सदुसष्ट वर्षं बनुबाईंच्या काळजात रुतून होते.

बनुबाईंनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. पण लक्ष्मी शिकायला सांगलीला गेली आणि बनू फौजी नवऱ्यामागून अंबाला, जबलपूर करत फिरली. चौऱ्याण्णव साली लक्ष्मीच्या मुलीच्या मंगल परिणयाला बनुबाई मुद्दाम आल्या आणि लक्ष्मी घटकाभर आडवी होते का, यावर दिवसभर नजर ठेवून बसल्या. नवरीची आई लग्नाच्या दिवशी आडवी होत नसते. आता म्हातारपणी दोघीही वडगिरीत होत्या, पण मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या लक्ष्मीबाईंनी घर बांधलं ते टेकडीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. बनुबाई खाली, भैरोबाच्या आळीत. मध्ये दोनशे चौदा पायऱ्या आणि बनुबाईंचे गुडघे. फोन होता, पण फोनवरून ना कुणाला उलट ओलांडता येतं, ना असला गुन्हा कबूल करता येतो.

अशा वेळी वडगिरी नगरपरिषदेने पाळणा आणला.

त्याचं कागदोपत्री नाव 'स्वस्त व सुलभ नागरी पर्यटन रज्जुमार्ग'. लोक पाळणा म्हणत. गरिबातल्या गरिबाला दहा रुपयांत आपलं शहर वरून बघता यावं, हा उदात्त हेतू होता. वडगिरी खालून बघून कुणाचंच समाधान झालेलं नव्हतं, तेव्हा वरून बघायला हरकत नव्हती. एस.टी. स्टँडपासून टेकडीपर्यंत सहा केबिनी एकाच वेळी निघत आणि नगरपरिषदेने छापलेल्या पत्रकाप्रमाणे पुढील प्रेक्षणीय स्थळं दाखवत: स्टँडचे पत्रे (गंजाचे तीन प्रकार), साखर कारखान्याची चिमणी (हंगामात धुरासह), नगराध्यक्ष हंबीरराव यांचा बंगला, सर्वसाधारण वाळवणं, आणि भैरोबाचा कळस. कळसाच्या वरून जायचं म्हणजे पाप. म्हणून तिथे प्रवाशांनी पायातली वहाण काढून हातात धरावी, अशी सूचना होती. हातात धरलेली वहाण देवाच्या डोक्यावरून गेलेली चालते, असा गुरवाने निर्वाळा दिला होता.

बनुबाईंना वाटलं, हा पाळणा आपल्यासाठीच आला. त्यांनी लक्ष्मीबाईंसाठी कारळ्याची चटणीसुद्धा कुटून ठेवली.

पण चाचणीच्या दिवशी त्या गच्चीवर शेवया राखत बसल्या होत्या आणि शेजारी त्यांची नात प्रियदर्शनी उताणी झोपली होती. पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे पाच किलोमीटर पळायची आणि दुपारी मेल्यासारखी झोपायची. पळण्यात पहिली, गोळाफेकीत पहिली. उंची मात्र एकशे चोपन्न पूर्णांक दोन. भरतीला लागते एकशे पंचावन्न. बनुबाईंनी वर पाहिलं. एक केबिन पोरीच्या पोटावरून सरळ टेकडीकडे गेली. मग दुसरी. मग तिसरी. सहा केबिनी ओलांडून गेल्या आणि वायरमन जेवायला गेल्यामुळे एकही माघारी आली नाही.

बनुबाई शेवया तशाच टाकून नगरपरिषदेत गेल्या.

"आवं अध्यक्ष, तुमच्या पाळण्यानं माझी नात आठ मिलिमीटर कमी पडतीया."

हंबीरराव खुर्ची हलेस्तोवर हसले. "आजी, पाळणा पन्नास फुटावरनं जातोय. पन्नास फुटावरनं कुटं ओलांडल्यालं लागतंय व्हय?"

"गिराण चंद्रावरनं लागतंय आन् हे पन्नास फुटावरनं लागत न्हाई?"

हंबीरराव विचारात पडले. हा मुद्दा त्यांच्यापुढे कुठल्याही विरोधकाने आजवर मांडला नव्हता.

"तुमचा पोरगा वीरधवल बी मिल्ट्रीत जायाचं म्हंतोय न्हवं?" बनुबाई उठता उठता म्हणाल्या. "दुपारचा गच्चीवरच झोपतोय. मी बघतीया की रोज."

हंबीररावांनी लगेच घंटी वाजवली.

यानंतर नगरपरिषदेने जी तत्परता दाखवली, तिला या जिल्ह्यात तोड नाही. (पिण्याच्या पाण्याची तक्रार एकोणीस वर्षं प्रलंबित आहे, पण पाण्याने कुणाची उंची कमी झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.) आठ दिवसांत 'ओलांड निवारण समिती' बसली. तिने पाळण्याखालच्या चारशे बारा घरांची पाहणी केली. भरतीची तयारी करणारी मुलं-मुली दोनशे शहाण्णव. पैकी गच्चीवर झोपणारे एकशे ऐंशी, घरात झोपणारे अठ्ठ्याण्णव, आणि तयारीच्या नावाखाली कधीही झोपलेले सापडणारे अठरा. छपराखाली झोपलेल्याला ओलांडलेलं लागतं का, यावर दोन बैठका झाल्या. शेवटी सिमेंटच्या छपरातून लागत नाही, पत्र्यातून लागतं, असं बहुमताने ठरलं. रिकामी केबिन ओलांडते की नुसती जाते, हा प्रश्न कायदेशीर सल्लागाराकडे पाठवला आहे.

मग नियम झाला. वर गेलेली प्रत्येक केबिन टेकडीवर दोन मिनिटं थांबेल आणि तोंड न फिरवता, पाठमोरी, त्याच वाटेने खाली येईल. पण ओलांडतो तो माणूस, केबिन नव्हे. तेव्हा जो माणूस वर गेला तोच माघारी आला पाहिजे. सबब, टेकडीवरील स्थानकात कुठल्याही प्रवाशाने उतरू नये.

लोकांना नियम अतिशय आवडला. दहा रुपयांत तेच शहर दोनदा बघायला मिळू लागलं, एकदा येताना आणि एकदा जाताना. टेकडीवरच्या स्थानकात तीन कर्मचारी, एक चहाची टपरी आणि एक स्वच्छतागृह कुणीतरी उतरण्याची वाट बघत बसले. ते स्वच्छतागृह तालुक्यातलं सर्वांत स्वच्छ म्हणून निवडलं गेलं.

बनुबाईंचा सत्कार झाला. नारळ हातात आला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की टेकडीवर उतरण्याची आपली वाट आपणच बंद केली.

तरी त्या निघाल्या. चटणी पदराखाली, वहाणा हातात. वर, फोनवर ठरल्याप्रमाणे, लक्ष्मीबाई फलाटाच्या टोकाशी उभ्या होत्या. केबिन थांबली. दोघींच्या मध्ये एक काच होती आणि काचेत वाऱ्यासाठी ठेवलेली चार बोटांची फट.

"बने! उतर की खाली."

"उतरता येत न्हाई गं. नियम हाय."

"कुठल्या गाढवाने केलाय हा नियम?"

बनुबाईंनी विषय बदलला. "लक्षे, तुला एक सांगायचंय. आपण तिसरीत होतो. तू पडवीत झोपलीवतीस..."

घंटा झाली. केबिन पाठमोरी निघाली. बनुबाई लांब लांब जाताना तोंड हलवत होत्या, आणि लक्ष्मीबाई ऐकू यावं म्हणून कानामागे हात धरून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बनुबाई वर टेकताच सुरू झाल्या. "तर मी आवळं पाडायला निगाले..."

"कुठले आवळे?"

"शाळंमागचं. सावकाराच्या परड्यातलं."

"सावकाराचं कसलं? तो आवळा शाळेचाच. सावकाराने कुंपण मागून सरकवलं."

"कुपान आधीपासनं हुतं!"

"नव्हतं!"

घंटा झाली. कुंपणाचा वाद पुढे सलग तीन दिवस चालला. शेवटी कुंपण सावकाराने सरकवलं, पण पावसाळ्यात, यावर दोघींचं एकमत झालं. बनुबाईंच्या गुन्ह्याची वेळ काही येईना. घरी त्यांचं जेवण तुटलं. "आजी, एवढं काय सांगायचंय?" प्रियदर्शनीने विचारलं. ती दाराच्या चौकटीला लटकून उंची वाढवत होती. बनुबाई म्हणाल्या, "तू लटक गप."

सहाव्या दिवशी लक्ष्मीबाई फलाटावर चष्मा लावून आल्या. हातात नियमाची छापील प्रत होती. केबिनीचा दरवाजा सांभाळणारा सिद्धू हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा, मिशा पिकलेला.

"सिद्धू, इथे बोट ठेव. वाच."

"टेकडीवरील स्थानकात कुठल्याही प्रवाशाने उतरू नये."

"चढू नये असं कुठे लिहिलंय?"

सिद्धूने बोट शेवटपर्यंत नेलं, मग मागच्या पानावरही फिरवून बघितलं. "न्हाई लिवलं, बाई."

"मग दार उघड."

लक्ष्मीबाई आत चढल्या आणि बनुबाईंच्या शेजारी बसल्या. (वरून निघालेल्याने खाली न उतरता वर परत यावं, म्हणजे ओलांडणी आपोआप फिटते; आणि त्याचं वर उतरणं हे उतरणं नसून परत येणं असल्याने नियम कुठेच मोडत नाही. समितीला हे नंतर कळलं आणि समितीला स्वतःचा अभिमान वाटला.) केबिन पाठमोरी हलली. बनुबाईंना आता घंटेचं भय नव्हतं, तरी त्या एका दमात बोलल्या.

"मी तुला ओलांडलं. आन् माघारी ओलांडायचं ऱ्हायलं. माझ्यामुळं तू अशी बुटकी ऱ्हायलीस लक्षे. सदुसष्ट वर्सं झाली, मला गिळंना झालंय."

लक्ष्मीबाई इतक्या हसल्या की केबिन झुलली आणि मागच्या केबिनीतल्या बाईने रामाचं नाव घेतलं.

"अगं येडे, माझी आई चार फूट सहा! माझ्या माहेरी मला उंच समजतात. लग्नासाठी मला बघायला आले तेव्हा बाबांनी सांगितलं, मुलगी उंच आहे."

"पर ओलांडलं त्ये..."

"ऐक तरी. तू ओलांडलंस तेव्हा मी जागीच होते, डोळे मिटून. माघारी येतेस का, बघत होते. तू आली नाहीस, तेव्हा असा राग आला! दुसऱ्या दिवशी तू झोपलीस, तर मी तुला तीनदा ओलांडलं. परत एकदाही नाही. आणि बघ स्वतःकडे, ताडाचं झाड झालीस. आता सांग, कुठे गेला तुझा नियम?"

भैरोबाचा कळस आला तशी बनुबाईंनी वहाण उचलून हातात धरली. लक्ष्मीबाईंनी "मी असलं मानत नाही" म्हणून पाय लांब केले. कळस गेला, वाळवणं गेली, हंबीररावांचा बंगला गेला. बनुबाईंच्या चेहऱ्यावर सदुसष्ट वर्षांत प्रथमच उजेड पडला.

"तरीच!" त्या म्हणाल्या. "आमच्या म्हायेरच्या बायका पावणेसहा फुटाला टेकत्यात. मी एकलीच तीन इंच कशी कमी पडले, म्हंते! तीनदा ओलांडलंस, तीन इंच गेलं! लक्षे, लक्षे, काय केलंस गं हे?"

लक्ष्मीबाईंनी अडतीस वर्षं शिकवलं होतं. फळ्यावर लिहून काय उरतं आणि काय पुसलं जातं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग चटणीची पुडी सोडली.

"बरं बाई. फेडते. आडवी हो."

बनुबाई केबिनीच्या बाकावर आडव्या झाल्या. बाक चार फुटांचा. पाय बाहेर आले. लक्ष्मीबाईंनी साडी सावरून एक पाय उचलला. तो वीतभर उचलला गेला आणि पंचाहत्तर वर्षांच्या गुडघ्याने तिथेच हरताळ पुकारला.

"आज जमत नाही. उद्या बघू."

तेव्हापासून दोघी रोज चार वाजता पाळण्यात असतात. एकमेकींच्या घरी त्या अजून गेलेल्या नाहीत. नियमात ते बसत नाही. मधल्या हवेत दोन खेपा होतात, चटणी-भाकरी होते, कुंपणाचा वाद अधूनमधून होतो. ओलांडायचं तेवढं राहतं. नगरपरिषदेच्या पत्रकात आता 'दोन ज्येष्ठ नागरिक (सायं. चार ते पाच)' असं सहावं प्रेक्षणीय स्थळ छापलं आहे.

प्रियदर्शनी भरतीत मोजली गेली ती एकशे पंचावन्न पूर्णांक एक. आपण दोन महिने चौकटीला लटकत होतो आणि मोजणी सकाळी सातला होती, सकाळी माणूस जरा उंचच भरतो, असं तिने जमलेल्या लोकांना सांगून बघितलं. नोंद कुणी घेतली नाही. उलट ओलांडणीचा नियम कायम झाला. हंबीररावांचा वीरधवल उंचीत पास आणि पळण्यात नापास झाला. त्याला बहुधा कुणीतरी जमिनीवरून ओलांडलं असावं, असं समितीचं मत पडलं आणि घरोघर चौकशी सुरू आहे.

वाचकहो, तुम्ही हसलात. शिकलेल्या माणसाने हसायलाच हवं. पण आज सकाळी दूध घ्यायला जाताना वाटेत पसरलेल्या पोराला ओलांडून तुम्ही दोन पावलं पुढे गेलात, थांबलात, कुणी बघत नाही ना ते बघितलंत, आणि काहीतरी विसरल्यासारखं करून उलट ओलांडून माघारी आलात, तेव्हा काय विसरला होतात? आणि हे आडवं पडून वाचत असाल तर उठून बसा. मघाशी कुणीतरी चहा ठेवायला तुमच्या पायांवरून पलीकडे गेलंय, आणि अजून परत आलेलं नाही.