वॉल्टरचा सोज्वळ मासा

वॉल्टर फ्रीझनचं एक ठाम मत होतं: माशाने गळ स्वतःहून, राजीखुशीने तोंडात घेतला पाहिजे. त्यासाठी कॅनडातल्या फ्रेझर नदीकाठच्या गोट्यांच्या पट्ट्यावर खुर्ची टाकायची, काठी जमिनीत ठोकलेल्या नळीत रोवायची, शेंड्याला घंटी बांधायची, रंगीत भिंगरीचा गळ पाण्यात सोडायचा आणि कॉफी पीत बसायचं. माशाला वाटलं तर तो येईल. (नाही वाटलं तर कॉफी आहेच. अलीकडे कॉफीच जास्त व्हायची.)

त्याचा मेहुणा डेनिस मात्र मांडीभर पाण्यात उभा राहून लांबलचक दोरी नदीच्या तळाशी खरवडत न्यायचा. येणाऱ्या माशाच्या उघड्या तोंडातून ती सरकायची आणि गळ बाहेरून गालात रुतायचा.

"ही काय मासेमारी झाली?" वॉल्टर म्हणायचा. "हे म्हणजे रस्त्यातून माणूस पळवणं!"

"पण दाजी, माणूस मिळतो की नाही?"

सासरेबुवांना, म्हणजे अब्राम हार्डर यांना, रविवारी ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. डेनिस म्हणाला, "जेवणाचा सामन मासा मी आणतो." झालं! वॉल्टरच्या अंगात आलं.

"डॅडींच्या वाढदिवसाला पळवून आणलेला मासा? छे! मासा मी आणणार. अगदी सोज्वळ."

बोलून तर बसला. आता मासा मिळाला नाही, तर बावीस माणसांसमोर डेनिसचाच मासा मागून मागून खायचा आणि वर "वा!" म्हणायचं. या विचारानेच त्याला शुक्रवारभर घास गोड लागेना.

शनिवारी बायको आयरीनही विणकाम घेऊन नदीवर आली. (मासेमारीचा परवाना तिच्याकडेही होता. नवऱ्यावर भरवसा तेवढा नव्हता.) अकरा वाजले तरी घंटी मुकी. खालच्या टोकाला डेनिसने मात्र एक भलाथोरला मासा उचलून दाखवला आणि वॉल्टरला राहवेना.

"पाच मिनिटांत येतो. त्या लोकांना जरा दोन शब्द सांगतो."

"जा," आयरीन टाके मोजता मोजता म्हणाली. "सावकाश ये."

दोन शब्दांचं तासाभराचं व्याख्यान झालं. पाण्यात उभी असलेली पाच-सहा मंडळी बिचारी ऐकत होती. पळणार तरी कुठे? तेवढ्यात वरच्या बाजूला घंटी खणखणली. काठावरच्या रिवाजाप्रमाणे शेजारच्या सगळ्यांनी भराभर आपापल्या दोऱ्या आवरल्या, ज्याला मासा लागला त्याला पाणी मोकळं करून दिलं.

"बघा, बघा!" वॉल्टर हरखून गेला. "ही खरी शिस्त! एकाला लागला की बाकीचे मुकाट्याने बाजूला. आणि ती बाई बघा, कशी सबुरीने खेळवतेय! डेनिस, शीक जरा तिच्याकडून!"

"दाजी," डेनिस म्हणाला, "ती आमची ताई आहे."

"कोणाची ताई?"

"माझी. तुमची बायको. आणि काठीही तुमचीच."

वॉल्टर धावत सुटला. गोल गोट्यांवरून दोनदा आपटला, एकदा गुडघाभर पाण्यात बसला. पोहोचला तेव्हा नऊ किलोचा सामन काठावर आला होता आणि आयरीन ओली बाही पिळत होती. त्याने आधी माशाचं तोंड उघडून पाहिलं.

"गळ आतून आहे! आतून!" तो ओरडला. "आयरीन, त्याने स्वतःहून घेतलाय गं!"

"घेतलाय ना? मग आता बर्फाची पेटी उघड."

रविवारी टेबलावर लिंबू, शेपू आणि नव्या बटाट्यांच्या मधोमध तो मासा विराजमान झाला. वॉल्टर तृप्त होता. "आम्ही काठावर बसून धरला," हे त्याने प्रत्येक पाहुण्याला दोनदा ऐकवलं. डेनिसही मुकाट्याने ताट पुढे करून बसला होता. याहून जास्त सुख माणसाला काय हवं?

सासरेबुवांनी लेकीला जवळ बोलावलं. "कसा गं लागला एवढा मोठा?"

"विशेष काही नाही, डॅडी. काठी तीच, भिंगरी तीच. फक्त तासभर वॉल्टर तिथे बोलायला नव्हता."

म्हाताऱ्याने समजून मान हलवली. मग सगळ्यांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि त्याने जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली.

"हे प्रभू, तू हा मासा दिलास, आणि तो यावा म्हणून आधी आमच्या जावयाला तिथून हलवलंस. या दोन्ही कृपांबद्दल आम्ही तुझे ऋणी आहोत."

"आमेन!" बावीस जण म्हणाले. त्यात सगळ्यात मोठा, भक्तिभावाने भरलेला आवाज वॉल्टरचा होता. त्याचं सगळं लक्ष माशाकडे होतं.